बाबांच्या डोळ्यातली मंडळी

बाबांच्या उजव्या डोळ्याच्या मोतीबिंदूची तारीख द्यायच्या आधी डॉक्टरांनी पेशी मोजून आणायला सांगितल्या, म्हणून गुरुवारी फोंड्याहून पणजीला गेलो. हनुवटी टेकवायची, हिरव्या ठिपक्याकडे बघायचं, लख्ख उजेड पडतो की झालं. कागदावर करड्या रंगाची जाळी छापून आली. उजवा २३४६, डावा १६९२. चौरस मिलिमीटरला इतक्या पेशी.

कॉर्निया म्हणजे डोळ्याची पुढची काच. तिच्या आतल्या अंगाला या पेशींचा एकच थर असतो. काचेत झिरपणारं पाणी त्या रात्रंदिवस उपसत राहतात, म्हणून ती स्वच्छ राहते. पण त्या नव्याने होत नाहीत. एक गेली की शेजारणी पसरून तिची जागा भरतात. तरुण डोळ्यात बहुतेक षटकोनी, एकसारख्या. पुढे काही मोठ्या, काही वेड्यावाकड्या होतात.

मला देवळातली सतरंजी आठवली. पूर्वी सप्ताहाला तिच्यावर गुडघ्याला गुडघा लागायचा. आता नऊजण मांड्या सैल सोडून बसतात, आणि लांबून बघितलं तर सतरंजी भरलेलीच दिसते.

"आनी उरल्यात कितल्यो?" बाबांनी विचारलं. (आम्ही बोलतो कोंकणीत. लिहायला बसलो की मात्र मराठीच येते.)

रात्री शोधत बसलो. चीनमधल्या शांतौच्या डॉक्टरांनी २००७ साली निरोगी चिनी डोळ्यांचे आकडे छापले होते : सरासरी तीन हजारांच्या जरा खाली, आणि वर्षाला ०.३ टक्के घट. त्या हिशेबाने विशीपासून बाबांच्या अठ्ठ्याहत्तरीपर्यंत सतराएक टक्के जातात. बाबा चिनी नाहीत, पण उजव्या डोळ्याचा आकडा त्या मानाने काही वाईट वाटला नाही.

मी अडकलो डाव्यावर. तो सहा वर्षांपूर्वी ऑपरेशन झालेला, आणि उजव्यापेक्षा अठ्ठावीस टक्क्यांनी कमी! वयाने विशीपासून आजवर नेलं नसेल तेवढं. ऑपरेशनमध्ये थोड्या पेशी जातातच, नंतरही गळती जरा जास्त राहते, हे तेव्हा आम्हाला कुणी सांगितलं नव्हतं. सांगितलं असतं तरी ऑपरेशन केलंच असतं म्हणा, बाबांना ताटातला मासा दिसत नव्हता.

डॉक्टर म्हणाले, काळजी नको. पाचशेच्या आसपास आलं की काच सुजायला लागते, तुम्ही लांब आहात.

ऑपरेशन सप्ताह झाल्यावर, असं बाबांनी परस्पर सांगून टाकलं. पखवाज वाजवणारे सध्या ते एकटेच आहेत.