उणे तीनमधलं उणे कुठे गेलं?

कळव्याला घरीच दहावीच्या मुलांचे गणिताचे वर्ग घेते. यंदा अकरा मुलं आहेत. सुट्टीआधी शिकवलेल्या भागावर जूनच्या शेवटी चाचणी घेतली. त्यात एक सोपं गणित होतं: अंकगणिती श्रेढीचं पहिलं पद −3 आणि साधारण फरक 4, तर दहावं पद काढा. उत्तर 33. चार जणांनी 39 लिहिलं. त्या चौघांत एक मुलगी अशी, की चिन्हाची चूक तिच्याकडून होणं शक्यच नाही. तिची प्रश्नपत्रिका मागून घेतली आणि खिडकीपाशी उजेडात धरली. तीनच्या आधीचं उणे चिन्ह कागदावर नव्हतंच.

मग बाकीच्या प्रती काढून पाहिल्या. प्रत्येक पानावर आडव्या, केसाएवढ्या पांढऱ्या रेघा होत्या. जिथे रेघ अक्षराच्या मधून गेली तिथे डोळ्यांना काही जाणवत नव्हतं, पण शिरोरेखेवर पडली की अख्ख्या ओळीचं डोकं उडालेलं, आणि उणे चिन्हावर पडली की चिन्हच गायब. कागद दर वेळी किंचित वरखाली सरकतो, म्हणून काही प्रतींत चिन्ह वाचलं आणि काहींत गेलं. पानं नीट न बघता वाटली ही चूक माझी. चौघांचे गुण त्याच दिवशी दिले.

माझा प्रिंटर इंक टँकचा आहे, चार वर्षांचा. मे महिन्यात आम्ही पाच आठवडे गावी होतो. निघताना सासूबाईंनी घरातले सगळे स्विच भिंतीवरूनच बंद केले, त्यात प्रिंटरचाही. त्या वेळी माझ्याकडून शेवटची छपाई चालू होती. तेव्हा यात काही वावगं वाटलं नव्हतं.

पहिल्यांदा नोझल चेकचं पान छापलं. नोझल म्हणजे शाई बाहेर सोडणारी बारीक छिद्रं. माझी सगळ्यांना कळकळीची विनंती आहे, छपाई बिघडली की आधी हे पान काढा, बाकी सगळं नंतर. चार रंगांच्या पायऱ्यांसारख्या रेघांची जाळी येते आणि जिथे रेघ तुटलेली, तिथलं छिद्र बंद. माझे पिवळा, निळा, गुलाबी हे तिन्ही रंग अखंड होते. काळ्यात बऱ्याच पायऱ्या गायब होत्या. म्हणजे दोष फाइलचा नव्हता, संगणकाचाही नव्हता. काळ्या शाईच्या छिद्रांचा होता.

हेड क्लीनिंग केलं, म्हणजे ही छिद्रं असलेला भाग, हेड, प्रिंटरकडूनच साफ करून घेतला. पुन्हा नोझल चेक. थोडा फरक दिसला, म्हणून दुसऱ्यांदा केलं, लगेच तिसऱ्यांदा केलं. तिसऱ्यानंतर जाळी आधीपेक्षाही फाटकी आली. मी घाबरले. स्टेशनजवळच्या एका दुकानात प्रिंटर घेऊन गेले. त्यांनी झाकण उघडून पाहिलं न पाहिलं आणि हेड बदलावा लागेल म्हणाले. खर्च नव्या प्रिंटरच्या निम्म्याहून जास्त. प्रिंटर तसाच उचलून रिक्षाने घरी आणला.

आमच्या शेजारच्या विंगमध्ये एक काका राहतात, आयुष्यभर ऑफिसांची यंत्रं दुरुस्त केलेली. त्यांना जाळीची तिन्ही पानं दाखवली. त्यांचा पहिला प्रश्न, "काळ्या टाकीत शाई किती आहे?" पाहिलं तर खालच्या खुणेच्याही खाली. काका म्हणाले, "ताई, क्लीनिंग म्हणजे पंपाने शाई ओढून घेणं. टाकीत शाई नसेल तर तो हवा ओढणार. नळीत बुडबुडे गेले की चालू छिद्रंही बंद पडतात. आता टाकी भरा आणि उद्यापर्यंत हात लावू नका."

हा न हात लावण्याचा भाग मला सर्वांत अवघड गेला. पण कारण कळल्यावर पटलं. थांबलं की हवा हळूहळू वर सरते, आणि वाळलेल्या शाईला ताजी शाई लागून ती मऊ पडते. एकामागून एक क्लीनिंग केलं तर त्या शाईला सुटायला वेळच मिळत नाही. शिवाय प्रत्येक क्लीनिंगला बरीच शाई वाया जाते. ती प्रिंटरच्या पोटातल्या शोषक पॅडमध्ये जाऊन बसते आणि पॅड भरलं की यंत्र काम थांबवतं.

बारा तासांनी एकच क्लीनिंग केलं. काळ्याच्या निम्म्याहून अधिक पायऱ्या परत आल्या. उरलेल्यांसाठी काकांनी वेगळा उपाय सांगितला. काम संपलं की हेड उजव्या कोपऱ्यात एका रबरी टोपीवर येऊन बसतो. छिद्रांना हवा लागू नये, शाई वाळू नये म्हणून ती टोपी असते. आमची छपाई मध्येच तोडल्यामुळे हेड टोपीवर पोचलाच नव्हता. पाच आठवडे, तेही ठाण्याच्या मे महिन्यात, छिद्रं उघडी राहिली. टोपीतल्या स्पंजवरही शाईचा कडक थर चढला होता. प्लग काढून हेड हलकेच बाजूला सरकवला आणि स्पंजवर ड्रॉपरने डिस्टिल्ड वॉटरचे चार थेंब टाकले. नळाचं पाणी नको, त्यातले क्षार मागे राहतात. सुती कापडाने कडा टिपल्या, हेड जागेवर आणला आणि रात्रभर तसाच ठेवला. सकाळी एक क्लीनिंग. जाळी पूर्ण आली. ते पान मी जपून ठेवलंय.

तरी अक्षरं हवी तशी येईनात. उभ्या रेघा दुहेरी दिसत होत्या. त्यावर प्रिंटरमधलं अलाइनमेंटचं पान छापून जुळती रेघ निवडली, काम झालं. शाई वाचावी म्हणून मुलाने ड्राफ्ट सेटिंग ठेवलेलं होतं, ते स्टँडर्ड केलं. हाय स्पीडची खूणही काढली. त्यात हेड जाताना आणि येताना दोन्ही वेळा छापतो आणि रेघ हलू शकते. वेळ थोडा जास्त लागतो, लागू दे.

शेवटचं कारण सापडलं कागदात. पाऊस सुरू झाल्यापासून रिमचं पाकीट उघडंच होतं. खाडीकाठची हवा, कागद लाटांसारखा झालेला. दमट कागदावर शाई तंतूंतून पसरते आणि अक्षरांच्या कडा फुटतात. नवं 75 जीएसएमचं रिम आणलं, ते प्लॅस्टिकच्या घट्ट डब्यात ठेवते आणि लागतील तेवढीच पानं काढते.

आता दर सोमवारी चारही रंग असलेलं एक छोटं पान छापते, काम असो वा नसो, म्हणजे शाई हलती राहते. प्रश्नपत्रिकेत उणे चिन्ह ठळक टाईपात टाकते आणि गठ्ठ्यातली पहिली, मधली, शेवटची प्रत वाचून मगच वाटते.

स्विचबोर्डवर मोठ्या अक्षरात कागद चिकटवला: "आधी प्रिंटरचं बटण, दिवा विझला की मग हा स्विच." गेल्या आठवड्यात वीज दुरुस्तीसाठी मेन बंद करायचा होता, तर सासूबाईंनी इलेक्ट्रिशियनला दारातच थांबवलं. मला हाक मारून म्हणाल्या, "अगं, तुझ्या यंत्राचा दिवा अजून चालूय, आधी तो विझव."