आईच्या खांद्यासाठी सर्जन शोधताना

गुडघे बदललेली माणसं आमच्या अमळनेरात गल्लोगल्ली आहेत. खांदा बदललेलं मात्र कुणी भेटेना. ‘अमक्यांनी मामांचे गुडघे झकास केले’ अशा शिफारशी भरपूर आल्या. पण गुडघा वेगळा आणि खांदा वेगळा. खांद्याची ही ऑपरेशनं गुडघ्याच्या मानाने फारच कमी होतात. म्हणून जाऊ तिथे सरळ विचारायचं ठरवलं : वर्षाला खांदे किती बदलता?

जळगावचे एक डॉक्टर मोकळेपणाने म्हणाले, “ताई, माझा हात फ्रॅक्चर आणि गुडघ्यांवर बसलाय. यासाठी नाशिक नाहीतर मुंबई गाठा.” मला त्यांचं फार कौतुक वाटलं. दुसऱ्या एका ठिकाणी एमआरआयची फाईल न उघडताच ऑपरेशनची तारीख दिली. तिथून आम्ही उठलो.

नाशिकच्या डॉक्टरांनी आधी आईला स्टुलावर बसवलं. दंडाच्या बाहेरच्या अंगाला बोटं टेकवून म्हणाले, “आजी, कोपराने माझा हात बाहेर ढकला बरं.” डेल्टॉइड या खांद्यावरच्या मोठ्या स्नायूत जोर आहे का, तिथे स्पर्श कळतो का, ते बघत होते. आईचा सांधा झिजलेला, शिवाय रोटेटर कफ, म्हणजे खांद्याचा गोळा वाटीत धरून ठेवणाऱ्या स्नायूंचा पट्टा, पार फाटलेला. अशा खांद्यात नेहमीचा कृत्रिम सांधा नीट चालत नाही, रिव्हर्स बसवावा लागतो. त्यात गोळा येतो खांद्याच्या पात्यावर आणि वाटी दंडाच्या हाडावर, म्हणजे मूळ रचनेच्या उलट. हात उचलायचा भार मग डेल्टॉइडवर पडतो. पॉल ग्रॅमाँ या फ्रेंच सर्जनने १९८५ च्या सुमारास हा सांधा आणला. टेबलावरचा नमुना आईच्या हातात देऊन डॉक्टरांनी हे सगळं समजावलं.

आईने अहिराणीतच विचारलं, “मन्ही वेणी मले घालता यी का?”

“हात डोक्यापर्यंत जावा, हाच प्रयत्न आहे. पण पाठीमागे नेऊन साडी खोचणं पहिल्यासारखं जमेलच असं नाही,” ते म्हणाले. काय जमणार नाही, हे तोवर कुणीच सांगितलं नव्हतं. माझा निर्णय तिथेच झाला.

जंतुसंसर्ग, सांधा निखळणं, नसेला इजा हे धोकेही त्यांनी न विचारता सांगितले. आईची शुगर आटोक्यात येईपर्यंत ऑपरेशन पुढे ढकललं. सांध्याची किंमत, कंपनी आणि बाकी खर्च वेगवेगळा लिहून घेतला. गुडघ्याच्या सांध्यांच्या किमतींवर सरकारने २०१७ मध्ये मर्यादा घातली. त्या आकड्यांवरून खांद्याचा अंदाज बांधू नका.

ऑपरेशननंतरच्या व्यायामाचं मात्र मीच काढलं. हात झोळीत चार ते सहा आठवडे, पुढे कित्येक महिने फिजिओथेरपी. त्यासाठी अमळनेरहून नाशिकला सारख्या चकरा आईला झेपल्या नसत्या. डॉक्टरांनी कोणत्या आठवड्यात हात किती हलवायचा ते मराठीत लिहून दिलं आणि आमच्या इथल्या फिजिओथेरपिस्टशी माझ्यासमोरच फोनवर बोलून घेतलं.