विरघळते, असे आम्ही म्हणतो

या वर्षी गणपतीला वेंगुर्ल्याला घरी गेलो होतो. दुपारची पंगत उठल्यावर काकीने सोलकढीचे पातेले पुढे ओढले आणि वर जमलेला दाट थर पळीने मोडत विचारले, "तू थंय नेमका कसला काम करतंस रे?" गेली चार वर्षे या प्रश्नाला मी "अन्नप्रक्रिया" असे गुळगुळीत उत्तर देत आलो आहे आणि आईने शेजारीपाजारी त्याचे "दुधाची पावडर" असे सोयीचे भाषांतर करून ठेवले आहे. त्या दिवशी प्रवासाच्या थकव्याने असेल किंवा आरत्यांमुळे झालेल्या जागरणाने असेल, मी खरे सांगून टाकले. कॅनडातल्या ओंटारिओ प्रांतातील आमच्या कारखान्यात गांजातला अर्क पाण्यात मिसळेल अशी पूड तयार होते आणि ती सुकवणाऱ्या यंत्रावर माझी नेमणूक आहे, असे मी म्हणालो. पडवीत शांतता पसरली. "म्हणजे गांजो?" काकी म्हणाली. "एवढा शिकान थंय गांजो सुकयतंस?"

आई काहीच बोलली नाही. रात्री दिवा मालवताना तिने फक्त एवढेच विचारले, "तुका पोलिस धरूचे नाय मां?"

धरणार नाहीत. गांजाला परवानगी देणारा कॅनडाचा कायदा १७ ऑक्टोबर २०१८ रोजी लागू झाला, खाण्यापिण्याच्या पदार्थांचे नियम बरोबर एका वर्षाने आले, आणि आज ओंटारिओत १९ वर्षे पूर्ण झालेला कोणीही माणूस दुकानात जाऊन हे पाकीट विकत घेऊ शकतो. हे आईला पटवायला दोन मिनिटे लागली. काकीचा प्रश्न मात्र डोक्यातून गेला नाही, कारण त्यात पोलिसांचा नव्हे, दापोलीच्या कृषी विद्यापीठातून घेतलेल्या पदवीचा हिशेब मागितलेला होता. तो इथे देतो.

काकी ज्या पातेल्यात पळी फिरवत होती, त्यातच माझ्या नोकरीचे सगळे शास्त्र होते. नारळाचे दूध म्हणजे पाण्यात तरंगणारे तेलाचे सूक्ष्म थेंब. खोबऱ्यातली प्रथिने त्या थेंबांभोवती लपेटून त्यांना एकमेकांपासून दूर ठेवतात, पण कोकमाच्या आगळाचा आंबटपणा लागला की ती प्रथिने साकळतात, थेंब एकत्र येतात आणि तासाभरात दाट थर वर येऊन बसतो. गांजातला नशा आणणारा घटक, म्हणजे टीएचसी, तेलासारखाच पाण्याचा शत्रू आहे. एक लिटर पाण्यात तो जेमतेम दोन-तीन मिलिग्रॅम विरघळतो. झाडाच्या फुलांत तो आरंभी आम्लाच्या रूपात असतो आणि उष्णता मिळाल्यावर त्यातून कार्बन डायऑक्साइड निघून गेला की मगच त्याला गुण येतो. अल्कोहोल किंवा प्रचंड दाबाखालचा कार्बन डायऑक्साइड वापरून तो फुलांतून काढतात, थंडीत गोठवून त्यातले मेण वेगळे करतात आणि निर्वातात ऊर्ध्वपातन करतात. शेवटी हाती येतो तो मधाच्या रंगाचा, मधाहूनही चिवट असा अर्क. तो सरबतात टाकला तर बाटलीच्या काचेला चिकटून बसेल, आणि मग पहिल्या पेल्याला काहीच नाही आणि शेवटच्या पेल्याला सगळेच, असा प्रकार होईल.

म्हणून हा अर्क आधी पातळ तेलात मिसळतात, आणि ते तेल बहुधा खोबरेलातूनच वेगळे काढलेले असते. विमानाने अर्धी पृथ्वी ओलांडून गेलेला मनुष्य शेवटी नारळापाशीच येऊन पोहोचतो, याची मला पहिल्या दिवशी फार मौज वाटली होती. मग पाणी आणि प्रथिनांचे काम करणारा एखादा पदार्थ, म्हणजे डिंक, बदललेला स्टार्च किंवा क्विलाया नावाच्या झाडाच्या सालीतला फेसाळ अर्क, असे सगळे एकत्र करून ते मिश्रण जबरदस्त दाबाने अतिशय बारीक फटीतून ढकलतात, किंवा अश्राव्य ध्वनिलहरींनी फोडतात. थेंब फुटत फुटत शंभर नॅनोमीटरच्या आत आले की ते प्रकाशही फारसा विखरू शकत नाहीत. सोलकढी अपारदर्शक दिसते, आमचे मिश्रण पाण्यात घातले तर जवळजवळ स्वच्छ दिसते, हा फरक थेंबाच्या आकाराचा आहे.

यानंतर माझे यंत्र येते. त्या मिश्रणात माल्टोडेक्स्ट्रिन, म्हणजे स्टार्चपासून केलेली जवळजवळ बेचव पूड, कालवतात आणि ते दीडशे अंशांहून गरम हवेच्या उंच पिंपात धुक्यासारखे फवारतात. पाणी क्षणात उडून जाते, त्या उडण्यानेच थेंब थंड राहतो आणि खाली पांढरी, कोरडी पूड पडते. दुधाची पावडर आणि बाजारात मिळणारी नारळाच्या दुधाची पूड याच पद्धतीने तयार होते, त्यामुळे आईचे भाषांतर अगदीच खोटे नव्हते. पाकिटावर "पाण्यात विरघळणारे" असे लिहिलेले असले तरी साखर विरघळते तसे ते विरघळत नाही. थेंब थेंबच राहतात, फक्त त्यांना एकत्र यायला सवड मिळत नाही. काकीला हे सांगितले असते तर ती म्हणाली असती की मग सरळ फसवणूक म्हण, आणि मला फारसे उत्तर सुचले नसते.

आता तिथल्या नियमांविषयी. एका पाकिटात टीएचसी दहा मिलिग्रॅमपेक्षा जास्त असता कामा नये, म्हणजे साधारण तांदळाच्या अर्ध्या दाण्याच्या वजनाएवढे. पाकीट लहान मुलाला उघडता येऊ नये, त्यावर आकर्षक चित्र नको, लाल चिन्ह आणि पिवळ्या चौकटीतली सूचना हवी. हे सगळे मला मान्य आहे, किंबहुना अभिमानाचे वाटते. छळला तो सांडलेल्या पुडीचा नियम. मी रुजू झालो तेव्हा टाकाऊ माल नष्ट करताना दोन पात्र साक्षीदार समोर लागत आणि दोघांच्या सह्या लागत. आमची पूड हवेतला ओलावा ओढून घेते, पिंपाच्या तळाशी चिकटते, आणि दर धुण्याच्या वेळी चिमूट-चिमूट खरवडून निघते. ती वजन करायची, नोंदवायची, पिशवीत बंद करायची, आणि मग साक्षीदार शोधत हिंडायचे. एकदा चाळीस ग्रॅम खरवड मांडीवर घेऊन मी पाऊण तास बसलो होतो, कारण दुसरा साक्षीदार जेवायला गेला होता आणि पिशवी टेबलावर ठेवून मला जागा सोडण्याची मुभा नव्हती. आमच्याकडे गणपतीच्या दागिन्यांचीसुद्धा एवढी राखण होत नाही. त्या पाऊण तासात मला घरचे आगळ आठवत होते. त्याच्या बाटलीवर तारीख नसते, वजन नसते, बनवणाऱ्याचे नावही नसते, आणि तरीही ते कोणाच्या परसातल्या रातांब्यांचे आहे हे अख्ख्या वाडीला ठाऊक असते. हे सांगताना मी एक गोष्ट सोयीने विसरतो, ती म्हणजे आगळ जास्त प्यायले तर फार तर दात आंबतात.

कारण मात्रेचा प्रश्न खरोखर गंभीर आहे. तेलातून खाल्लेला गांजा चढायला अर्ध्या तासापासून दोन तासांपर्यंत वेळ घेतो, आणि "काहीच होत नाही" म्हणून दुसरा तुकडा खाणारे लोक मग रात्रभर तळमळतात. बारीक थेंबांचा असर लवकर जाणवतो, म्हणून माणूस लवकर थांबतो, असे आम्ही कारखान्यात एकमेकांना सांगत असतो. मी स्वतः घेत नाही. हे वाक्य मी दोनदा लिहिले आणि दोनदा खोडले, पण काकीसाठी राहू देतो.

राहता राहिला आपला देश. अमली पदार्थांविषयीच्या १९८५ च्या केंद्रीय कायद्याच्या व्याख्येत गांजा म्हणजे झाडाचे फुलोरे. नुसती पाने आणि बिया त्यातून वगळल्या, म्हणून भांग राज्यांच्या कायद्यांकडे गेली. भांग दुधात, तुपात, बदामात घोटणाऱ्यांना स्निग्धात काय उतरते हे प्रयोगशाळेशिवाय कळले होते, आणि टीएचसी शुद्ध रूपात वेगळे करून त्याची रचना ठरायला मात्र १९६४ साल उजाडले, असे मी तिथल्या सहकाऱ्यांना छाती फुगवून सांगतो. घरी आल्यावर तीच छाती कुठे जाते कोण जाणे. चुलतभावाने हळूच विचारले की पुढच्या खेपेला एखादे पाकीट आणशील का, तेव्हा मी त्याच्यावर एवढा ओरडलो की मलाच नवल वाटले. कॅनडातून ते बाहेर नेणे तिथे गुन्हा आहे आणि इथे आणणे त्याहून मोठा.

निघायच्या दिवशी आईने आमसुले, कुळीथाचे पीठ आणि आगळाच्या दोन बाटल्या बांधून दिल्या. शेजारची वयनी निरोप घ्यायला आली होती. तिनेही तोच प्रश्न विचारला, आणि मी तोंड उघडायच्या आत आई म्हणाली, "तो थंय दुधाची पावडर करता." मी खाली मान घालून बाटलीच्या बुचाभोवती चिकटपट्टीचा आणखी एक वेढा घातला.