हरिपूरच्या मळ्यातल्या घराचं संग्रहालय करताना

कृष्णा-वारणेच्या संगमाजवळ, सांगलीलगतच्या हरिपूरला आमच्या आजोबांचं मळ्यातलं घर आहे. हळदीच्या पेवांसाठी, म्हणजे हळद साठवायच्या जमिनीखालच्या कोठारांसाठी ओळखलं जाणारं हे गाव, म्हणून ते जुनं घर लोकांना बघण्यासारखं करायचं ठरवलं.

आधी कागदपत्रं. घर निळ्या पूररेषेच्या, म्हणजे नेहमीच्या पुराच्या सरकारी हद्दीच्या आत, तिथं नवं बांधकाम करता येत नाही. त्यामुळे आहे तेच दुरुस्त करायचं, एवढाच मार्ग होता. हेलपाटे झाले, पण काम झालं.

खरा कस भिंतींनी पाहिला. 2019 च्या ऑगस्टमध्ये सांगलीच्या आयर्विन पुलाजवळ कृष्णेनं 57 फुटांची पातळी ओलांडली. धोक्याची पातळी तिथं 45 फूट. पाणी ओसरलं, तरी भिंतींची ओल हटेना. मधल्या काळात कुणीतरी जुन्या चुन्यावर सिमेंटचा गिलावा मारला होता आणि आत शिरलेलं पाणी त्यामागंच अडकलं होतं. गवंडीमामा म्हणाले, "हे सगळं खरवडा, भिंत उघडी करा, एक उन्हाळा तशीच राहू दे." तसंच केलं. मग चुनकळी, म्हणजे भाजलेल्या चुन्याचे खडे, हौदात पाण्यात विझवून मुरत ठेवली, चुन्याच्या घाण्यात वाळूबरोबर मळली, हिरड्याचं पाणी आणि गूळ घातला. चुना पाणी धरून ठेवत नाही, सुकतो. नदीकाठच्या घराला हेच लागतं. वाईजवळ मेणवलीला नाना फडणवीसांचा वाडा याच कृष्णेकाठी उभा आहे. तो बघून आल्यावर माझी उरलीसुरली शंका गेली.

पुढची बाग मूळची चौकोनी, मधोमध दगडी पायवाटा. गाळाखाली गेलेल्या त्या वाटा दोरी धरून शोधल्या. विहिरीवरचं थारोळं, म्हणजे मोट रिकामी व्हायची ती दगडी कुंडी, सापडलं, तेव्हा मोटेचं पाणी कुठल्या पाटानं कुठल्या वाफ्यात जायचं ते उलगडलं. वाफे पुन्हा तसेच आखले.

आवारात दोन पेवं. 2005 च्या पुरात हरिपुरातली कित्येक पेवं गेली, आमची बुजली होती. एक उपसलं. तोंड उघडून बराच वेळ तसंच ठेवलं, आतली हवा कळावी म्हणून कंदील दोरीनं खाली सोडला, तो तेवत राहिल्यावरच माणूस उतरला. जुनी माणसं याबाबतीत अजिबात घाई करू देत नाहीत, आणि ते बरोबरच आहे.

जुने हिशेबाचे कागद, तराजू, वजनं माडीवर ठेवलीत. खाली फक्त जातं, उखळ, दगडी डोण. पाण्यात राहिलं तरी बिघडत नाही असंच. दुसरं पेव पावसाळा सरला की उपसायचं आहे.