गावात आई एकटी आहे, चांगला डॉक्टर सांगा

गणेश चवथीला आमचं गाव भरतं. पुण्याहून, मुंबईहून, आखातातून मुलं येतात आणि पाच-सात दिवसांत त्यांच्या लक्षात येतं की आई वाळलीय, बाबांचा हात थरथरतोय. मग निघायच्या आदल्या संध्याकाळी कोणीतरी घरी येतं आणि विचारतं, ‘बाई, आई इथे एकटी आहे. वाळपईत नाहीतर म्हापशात एखादा चांगला डॉक्टर सांगा ना. पैशांचा प्रश्न नाही.’

मी गोव्यातल्या सत्तरी तालुक्यात प्राथमिक शाळेत शिकवत होते, त्यामुळे विचारणारे बरेचसे माझेच विद्यार्थी. निवृत्तीनंतर गावच्या ज्येष्ठ नागरिक मंडळाचं काम बघते, म्हणून हा प्रश्न वर्षभर फोनवरही येतो. प्रत्येकाला घाईघाईत अर्धवट सांगण्यापेक्षा एकदा नीट लिहिते.

गोव्यात डॉक्टर आहेत. वाळपईत सरकारी आरोग्य केंद्र आहे, म्हापसा आणि मडगावला जिल्हा इस्पितळं आहेत, बांबोळीला गोमेकॉ, म्हणजे गोवा मेडिकल कॉलेजचं इस्पितळ आहे, १०८ ला फोन केला की रुग्णवाहिका येते. २०१६ पासून दीनदयाळ स्वास्थ्य सेवा योजना आहे. कार्ड चालू असेल तर तीन माणसांपर्यंतच्या कुटुंबाला वर्षाला अडीच लाखांपर्यंत आणि त्याहून मोठ्या कुटुंबाला चार लाखांपर्यंत उपचारांचा खर्च मिळतो. हे सगळं तुम्हाला ठाऊक आहे. तुमच्या आईची अडचण वेगळी आहे. तिची गोळी संपलीय हे कोणाच्या लक्षात येणार, आणि लक्षात आलंच तर ते कोण कोणाला सांगणार?

आमच्या वाड्यावरच्या एका आजींचं उदाहरण देते. नाव लिहीत नाही. मुलगा पुण्यात, लेक दुबईत. दर एकादशीला त्या देवळात भजनाला बसायच्या. एक एकादशी चुकली, मग दुसरी. भजनातल्या बायकांना वाटलं, गुडघे धरले असतील. सकाळी सायकलवरून भोंगा वाजवत येणाऱ्या पदेराच्या, म्हणजे पाववाल्याच्या, लक्षात आलं होतं की आजी आता चारऐवजी एकच पाव घेतात, आणि कधी दारच उघडत नाहीत. बँकेतल्या मुलीला माहीत होतं की हयातीचा दाखला न दिल्यामुळे त्यांचे दयानंद सामाजिक सुरक्षा योजनेचे, म्हणजे सरकारकडून दरमहा मिळणारे पैसे थांबलेत. अंगणवाडीच्या ताईंना माहीत होतं की आजींच्या गोळ्या आणून देणारी शेजारची सून बाळंतपणाला माहेरी गेलीय. आणि उपकेंद्रातल्या नर्सबाईंच्या वहीत एवढीच नोंद होती की रक्तदाबाच्या गोळ्या न्यायला बरेच दिवस कोणी आलेलं नाही.

या सगळ्यांपैकी एकानेही हयगय केली नव्हती. पदेराने पाव द्यायचे, बँकेने नियम पाळायचा, नर्सबाईंनी नोंद ठेवायची. प्रत्येकाने आपापलं काम केलं आणि आजी दिवसेंदिवस खंगत गेल्या.

सुटका झाली ती लसीकरणाच्या दिवशी. अंगणवाडीत बाळांना टोचून झाल्यावर नर्सबाई आणि ताई चहा घेत बसल्या होत्या, तेव्हा बोलता बोलता आजींचा विषय निघाला. नर्सबाई त्याच दुपारी वाट वाकडी करून त्यांच्या घरी गेल्या. रक्तदाब बराच चढलेला होता. आरोग्य केंद्रातल्या डॉक्टरांनी गोळ्या बदलून दिल्या, वॉर्डाच्या पंचाने हयातीच्या दाखल्याचं काम करून दिलं, आणि भजनातल्या दोघीजणी एकादशीला त्यांना हाताला धरून देवळात न्यायला लागल्या. आजी पूर्ववत झाल्या असं म्हणणार नाही. पण जेवायला लागल्या, आणि पदेर न आल्यास आता त्याच तक्रार करतात.

तेव्हापासून आमच्या मंडळाने एक पद्धत ठेवलीय. महिन्यातून एकदा नर्सबाई, अंगणवाडीच्या ताई, भजनातली एक बाई, वॉर्डाचा पंच आणि मंडळातले आम्ही दोघं-तिघं अर्धा तास एकत्र बसतो. एकट्या राहणाऱ्या माणसांची यादी वाचतो. या बैठकीचा एक नियम मला फार महत्त्वाचा वाटतो: कोणाला काय झालंय ते बोलायचं नाही, कोणाकडे कोणी जाऊन यायला हवं एवढंच बोलायचं. आजार नर्सबाईंच्या वहीत राहतो. छोट्या गावात गोष्ट पसरायला वेळ लागत नाही, आणि आपली गोष्ट पसरते हे एकदा कळलं की म्हातारं माणूस दार लावून घेतं. मग त्याच्याबद्दल कोणालाच काही कळत नाही.

तुम्ही महाराष्ट्रात राहत असाल तर म्हणाल, हे काम आशाताईंचं आहे. बरोबर. पण देशभर आशा कार्यकर्त्या नेमल्या गेल्या तेव्हा गोव्याने ती योजना घेतली नाही. आपल्याकडे घरोघर जायचं काम उपकेंद्राच्या नर्सवर आणि अंगणवाडीवर येतं. नर्सकडे अनेक वाडे, अंगणवाडीच्या ताईंकडे मुलं, गरोदर बाया आणि नोंदवह्यांचा ढीग. म्हाताऱ्या माणसांचं खातं मुळात कोणाकडेच नाही. आणि ती माणसं थोडी नाहीत. २०११ च्या जनगणनेत गोव्यातल्या शंभरातले अकराहून अधिक जण साठीच्या पुढचे होते. या बाबतीत केरळनंतर आपलाच क्रमांक लागला होता. आमच्यासारख्या गावात, जिथली तरुण मुलं कामासाठी बाहेर आहेत, तिथे हे प्रमाण नुसत्या डोळ्यांनीही दिसतं.

आता जे सांगायचंय ते मला सगळ्यांत जवळचं आहे. तुम्ही आईचा रक्तदाब विचारता, साखर विचारता. ती दिवसभर कोणाशी बोलते, हे फार थोडे विचारतात. आमच्याकडे मनाचं दुखणं कोणी मनाचं म्हणून सांगत नाही. झोप येत नाही, डोकं जड झालंय, अंग गळून गेलंय, कशात लक्ष लागत नाही, असं सांगतात. डॉक्टर जीवनसत्त्वाच्या गोळ्या देतात, आई त्या घेते आणि रात्र तशीच जाते.

या बाबतीत आपल्या गोव्यात जे काम झालंय ते जगभरचे डॉक्टर अभ्यासतात, आणि आपल्याच गावांत ते कोणाला ठाऊक नसतं याचं मला फार वाईट वाटतं. संगाथ ही संस्था १९९६ मध्ये गोव्यात सुरू झाली. डॉ. विक्रम पटेल तिच्या संस्थापकांपैकी एक. मानसोपचारतज्ज्ञ प्रत्येक गावाला मिळणं शक्य नाही, मग गावातल्याच माणसांना शिकवून आरोग्य केंद्रात बसवलं तर काय होईल, हे त्यांनी पद्धतशीर तपासून पाहिलं. २०१० मध्ये त्यांच्या ‘मानस’ या अभ्यासाचे निष्कर्ष आले. सरकारी केंद्रांत, जिथे असे समुपदेशक होते, तिथे सहा महिन्यांत शंभरातले सुमारे ६६ रुग्ण बरे झाले. जिथे नव्हते तिथे सुमारे ४२. खाजगी डॉक्टरांकडे मात्र फरक पडला नाही, कारण त्यांचे रुग्ण समुपदेशकाशिवायही जवळपास तेवढेच सुधारत होते. मी याचा अर्थ असा लावते की वर्षानुवर्षं ओळखणारा, दोन शब्द बोलणारा डॉक्टर असेल तर त्याचाही गुण येतो. असा डॉक्टर तुमच्या आईला आधीच असेल तर तो बदलू नका.

ज्येष्ठांसाठीचा अभ्यास पुढे २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला. गोमेकॉचे डॉ. अमित डायस त्यात प्रमुख होते. गोव्यातल्या आरोग्य केंद्रांत येणारी, साठीच्या पुढची, मन थोडं खचलेली पण अजून नैराश्याच्या आजारापर्यंत न पोहोचलेली १८१ माणसं त्यांनी निवडली. अर्ध्या लोकांना नेहमीचीच देखभाल मिळाली. बाकीच्यांकडे प्रशिक्षण घेतलेले समुपदेशक गेले. ते डॉक्टर नव्हते. समोरची अडचण एकेक करून कशी सोडवायची ते त्यांनी शिकवलं, झोपेच्या सवयी सुधारायला मदत केली, मधुमेहासारख्या आजारात स्वतःची काळजी कशी घ्यायची ते सांगितलं, आणि सरकारी योजना व सेवा मिळवून द्यायलाही हात दिला. वर्षभरानंतर समुपदेशक भेटलेल्या ९१ जणांपैकी ४ जणांना नैराश्याचा आजार झाला; दुसऱ्या गटातल्या ९० पैकी १३ जणांना. पहिल्या गटाचा रक्तदाबही खाली आला.

त्या कामातला शेवटचा भाग पुन्हा वाचा: योजना मिळवून देणं हासुद्धा मनाच्या उपचाराचाच भाग होता. थांबलेले पैसे सुरू झाल्यावर आमच्या आजींना झोप लागायला लागली, यात मला काहीच नवल वाटत नाही. ज्या बाईला महिनाअखेरीस दुकानदाराकडे उधार मागावं लागतं, तिला नुसती झोपेची गोळी देऊन काय होणार?

एवढ्या सगळ्यांना एकत्र कोण आणणार, असं मला विचारतात. सत्तरीने हे करून दाखवलंय. २०१५ मध्ये पाली गावात माकडताप आला, पुढच्या वर्षी म्हाऊसला. हा ताप गोचिडीतून माणसाला होतो, माकडं त्यात मरतात, आणि त्याचा हंगाम नेमका काजूच्या दिवसांत येतो. बागायतीत पालापाचोळ्यात वाकून बोंडं वेचणाऱ्या माणसांना तो गाठतो. बागायतीत जाऊ नका म्हणणं म्हणजे वर्षाची कमाई सोडा म्हणण्यासारखं. माणसं गेली, घरं उघड्यावर आली, ते दिवस इथे कोणी विसरलेलं नाही. त्या काळात हा आजार एकट्या आरोग्य खात्याने आवरावा असा नव्हताच. मेलेलं माकड आधी दिसायचं ते गुराख्याला किंवा काजू वेचणाऱ्या बाईला. तिने हात न लावता कळवायचं, वनखात्याने आणि पशुवैद्यांनी जागेवर जायचं, आरोग्य कर्मचाऱ्यांनी त्या भागातल्या तापाच्या रुग्णांचे रक्ताचे नमुने घ्यायचे, पंचायतीने वाड्यावाड्यावर सांगायचं, शाळेत आम्ही मुलांना सांगायचं की बागायतीत जाण्याआधी अंगाला तेल लावायचं आणि आल्यावर गरम पाण्याने आंघोळ करायची. एरवी ज्यांचा एकमेकांशी कागदापलीकडे संबंध येत नाही, ते लोक एकमेकांचे फोन नंबर घेऊन होते.

भीतीने माणसं जवळ आली हे खरं. म्हातारपणाची अशी भीती कोणाला वाटत नाही, कारण ते सावकाश येतं आणि एकेका घरात येतं. म्हणून मला वाटतं, इथे तुमचा, बाहेर गेलेल्या मुलांचा, उपयोग आहे.

पैसे पाठवता ते पाठवाच. पण पुढच्या खेपेला शहरातल्या तपासण्यांचं पॅकेज घेण्याआधी उपकेंद्रात जा आणि नर्सबाईंना भेटा. त्यांचा वार कुठला, वेळ कुठली ते विचारा, आपला नंबर त्यांच्याकडे ठेवा. आईचं दीनदयाळचं कार्ड चालू आहे का ते स्वतः बघा. दयानंद योजनेचे पैसे बँकेत खरंच जमा होतात का तेही बघा, कारण थांबले तरी ती तुम्हाला सांगणार नाही; मुलांकडे मागितल्यासारखं होईल असं तिला वाटतं. घराची एक किल्ली शेजारी द्या, आणि कोणत्या शेजाऱ्याकडे द्यायची ते तिला ठरवू द्या. गोळ्यांची चिठ्ठी दाराच्या आतल्या बाजूला लावून ठेवा, म्हणजे १०८ आली तर शोधाशोध नको. रात्री-अपरात्री तिचं मन फारच बिघडलं, किंवा तुमचंच तिच्या काळजीने बिघडलं, तर टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर आहे. २०२२ पासून तो देशभर चोवीस तास फुकट चालतो.

अलीकडे काहीजण घरात कॅमेरा लावून जातात. मी मोडता घालत नाही. पण आईला आधी विचारा. आमच्या मंडळातल्या एका काकी स्वयंपाकघरात कॅमेरा लावल्यापासून साडी नेसायलाही मागच्या खोलीत जातात, आणि मुलाला वाईट वाटेल म्हणून बोलत नाहीत.

आणखी एक करा, आणि हे मी हक्काने सांगते, कारण तुम्ही माझे विद्यार्थी आहात. आपल्याकडे ग्रामसभा रविवारी असते. रस्ता, पाणी, कचरा, बांधकामाचे परवाने यांवर तास जातो. आरोग्याचा विषय क्वचित निघतो. राष्ट्रीय आरोग्य अभियानाखाली गावात ग्राम आरोग्य, स्वच्छता आणि पोषण समिती असायला हवी. पंचायत, नर्स आणि अंगणवाडीच्या ताई यांनी एका जागी बसावं, यासाठीच ती आहे. एखादा रविवार गाठून या आणि उभं राहून विचारा: आपली समिती गेल्या सहा महिन्यांत कधी बसली? गावात एकटी राहणारी माणसं किती, आणि त्यांची यादी कोणाकडे आहे? नर्सबाईंची बदली झाली आणि जागा रिकामी राहिली तर घरोघर कोण जाणार? उत्तर काहीही मिळो, प्रश्न इतिवृत्तात लिहून घ्यायला सांगा आणि लिहिला की नाही ते सचिवांच्या वहीत बघूनच निघा. पुढच्या सभेला इतिवृत्त वाचतात, तेव्हा तो प्रश्न परत समोर येतो. तुम्ही नसलात तरी तेव्हा तिथे आम्ही असू.