आधी भिजव

पाणी चौथ्या मजल्यावर आणि गाडी तळमजल्यावर, एवढाच काय तो घोटाळा आहे. बाकी आमच्याकडे सगळं आहे. गाडी आहे, ती धुवायची हौस आहे, रविवारची सकाळ आहे. पार्किंगमध्ये नळ नाही. म्हणजे एक आहे, बागेचा. पण सोसायटीने त्याला कुलूप घातलंय, किल्ली वॉचमन मामांच्या खिशात असते आणि शेजारी पाटी लावली आहे : ‘पाईप लावून गाड्या धुऊ नयेत. हुकुमावरून.’ हुकूम कोणाचा, ते लिहिलेलं नाही.

सुरुवातीला मला त्या पाटीचा फार राग यायचा. गोदावरी जिथे उगम पावते तो ब्रह्मगिरी इथून, नाशिकहून, तीसेक किलोमीटरवर, गंगापूर धरण तर संध्याकाळी सहज चक्कर मारून येण्याच्या अंतरावर, आणि आम्ही बादलीभर पाण्याला महाग! एकदा मामांना चहा पाजून किल्ली मिळवली. नळाखाली बादली ठेवली आणि मोबाईलवर सेकंद मोजले. 15 लिटरची बादली सव्वा मिनिटात भरली. म्हणजे मिनिटाला 12 लिटर. हातात पाईप आलेला माणूस पंधरा मिनिटांच्या आत थांबत नाही आणि तो साबण लावत असताना पाईप बाजूला पडून वाहतच असतो. एका गाडीला 180 लिटर झालं की. आमच्या इमारतीत 24 गाड्या आहेत. मी मनातल्या मनात गुणाकार केला आणि मुकाट्याने किल्ली परत दिली.

मग सगळे करतात तेच मी केलं. गाडी पुसायला माणूस लावला. तो पहाटे सहाला येतो, एक बादली, एक पिवळं फडकं, आणि वीस मिनिटांत आख्खी ओळ पुसून मोकळा. आमची गाडी ओळीत शेवटची. तिच्यापर्यंत पोचेतो बादलीतल्या पाण्याचा रंग टपरीवरच्या चहासारखा झालेला असतो. त्याला मी दोष देत नाही. महिन्याला जे आपण देतो त्यात प्रत्येक गाडीला नवं पाणी कोण आणणार? पण एकदा दुपारी गंगापूर रोडला गाडी भर उन्हात उभी केली, परत आलो, आणि बॉनेटवर सूर्याभोवती कोळ्याने जाळं विणावं तसे गोल गोल ओरखडे दिसले. मला आधी वाटलं, त्याने गोल गोल हात फिरवला म्हणून ओरखडे गोल. तसं नसतं. ओरखडे सगळ्या दिशांना असतात. त्यातले प्रकाशाला आडवे असतील तेवढेच चमकतात, म्हणून दिव्याभोवती किंवा सूर्याभोवती वर्तुळं झाल्यासारखं दिसतं. आपण जागचे हललो की जाळंही आपल्याबरोबर सरकतं. शास्त्र म्हणून सुंदर आहे. गाडी आपली नसेल तर जास्तच सुंदर.

आपली सगळी चूक ‘धूळ पुसणे’ या शब्दात आहे. धूळ म्हटलं की आपल्याला वाटतं पीठ. फडकं मारलं की उडालं! नाशिकची धूळ म्हणजे बराचसा आपल्या पायाखालचा काळा पाषाण, दळून बारीक झालेला. त्यात बांधकामांचं सिमेंट, आणि सिंहस्थ जवळ आला की उकरलेल्या रस्त्यांची माती. हा दळलेला दगड गाडीच्या रंगापेक्षा कितीतरी कठीण असतो. रंगावर जो पारदर्शक थर असतो, क्लिअर कोट, त्याची जाडी आपल्या डोक्यावरच्या केसापेक्षाही कमी. अशा थरावर दळलेला दगड ठेवायचा आणि वरून फडक्याने दाबून घासायचं, याला आपण रोज सकाळी स्वच्छता म्हणतो. सुताराच्या भाषेत याला पॉलिश पेपर मारणं म्हणतात.

थंडीत तर मोह आणखी मोठा. डिसेंबर-जानेवारीत इकडे दव असं पडतं की सकाळी गाडी नुकती अंघोळ करून आल्यासारखी निथळत असते. फुकटचं पाणी! इमारतीतले दोन-तीन काका मफलर गुंडाळून खाली येतात आणि त्याच दवावर फडकं फिरवतात. मीही फिरवायचो. पण दव धूळ धुऊन नेत नाही, नुसती कालवतं. आपण जे फिरवतो तो चिखलाचा लेप असतो.

ही अक्कल मला आली ती आईमुळे. छतावरच्या कबुतरांनी एकदा काचेखाली, बरोबर बॉनेटच्या मध्यावर, आपली मोहोर उमटवली. दोन दिवस उन्हात वाळलेली. कबुतराच्या विष्ठेतला पांढरा भाग म्हणजे युरिक आम्ल. त्यात उन्हाने रंग तापून मऊ पडतो, म्हणजे डाग राहायला सगळी सोय. मी नखाने खरवडायला गेलो तर आई ओरडली, “करपलेलं पातेलं असं खरवडतोस का? आधी भिजव!” तिने वर जाऊन जुना पंचा ओला करून आणला, डागावर पसरला आणि म्हणाली, “आता चहा पिऊन ये.” चहा पिऊन आलो. पंचा उचलला तसा डाग पंच्याबरोबर आला. मागे एक फिकट खूण राहिली, ती अजून आहे, पण ती दोन दिवस दुर्लक्ष करणाऱ्या माझी आहे, आईची नाही.

आयुष्यभर खरकटी भांडी भिजवत आलेल्या बाईला जे ठाऊक होतं ते गाडीच्या बाबतीत मला सुचलं नव्हतं. हात लावायच्या आधी भिजवायचं. प्रश्न एवढाच, पाईप नसताना अख्खी गाडी भिजवायची कशी?

उत्तर निफाडहून आलं. माझा आतेभाऊ द्राक्षबागायतदार. त्याच्या घरी गेलो असताना पडवीत फवारणीचे पंप ओळीने टांगलेले दिसले, पाठीवरचे सोळा लिटरचे, आणि कोपऱ्यात एक छोटा, हाताने दाब भरायचा, पाच लिटरचा. मी तो हातात घेऊन निरखत बसलो. म्हटलं, दादा, याने गाडी धुता येईल का रे? तो बराच वेळ हसला. मग म्हणाला, “का? गाडीवर भुरी आली काय?”

द्राक्षाच्या पानावर पांढरी पावडर टाकल्यासारखा जो रोग येतो ती भुरी. आमची गाडी गडद निळी. अगदी तशीच दिसते.

हसून झाल्यावर मात्र त्याने गांभीर्याने शिकवलं. जुना पंप नको म्हणाला. त्यात कधीतरी बोर्डो, म्हणजे मोरचूद-चुन्याचं बुरशीवरचं औषध, भरलेलं असतं, आणि त्यातलं मोरचूद लोखंडाला खातं. नवा घे, कृषी सेवा केंद्रात मिळेल. नोझल फिरवून फवारा किती बारीक ठेवायचा ते दाखवलं. “बागेत पान भिजलं पाहिजे, औषध खाली ओघळलं की पैसे मातीत. तुझं उलटं. तुझं ओघळलंच पाहिजे.” मोठमोठ्या व्हिडिओंत परदेशातली माणसं अर्धा तास जे समजावतात ते त्याने दोन वाक्यांत उरकलं. त्याची स्वतःची पिकअप बाहेर उभी होती. तिचा मूळ रंग कोणता, हे मी विचारलं नाही.

तेव्हापासून आमची पद्धत बसली आहे. पंपात पाच लिटर पाणी आणि गाडी धुवायचं ते द्रावण, जे नंतर पुन्हा पाण्याने धुऊन काढावं लागत नाही. ते मातीच्या कणांभोवती बुळबुळीत होतं आणि कण रंगावर घासण्याऐवजी घसरतात. भांड्यांचा साबण नाही, तो आधीचं मेणाचं पॉलिशही घेऊन जातो. टपावरून खाली फवारत यायचं. मग चहा. (ही पायरी आईने घातली आहे, गाळू नये.) मग दोन बादल्या : एकीत द्रावण, दुसरीत साधं पाणी. मऊ मायक्रोफायबरचं फडकं पहिलीत बुडवायचं, एक दार पुसायचं, दुसरीत खळबळून माती सोडायची, पुन्हा पहिलीत. खालचा भाग आणि चाकं सगळ्यात शेवटी, वेगळ्या फडक्याने. जमिनीवर पडलेलं फडकं पुन्हा बॉनेटला लावायचं नाही. त्याची बदली चाकांवर. आमच्याकडे चार फडकी अशी बदलीवर आहेत. सगळं मिळून पंचवीस लिटर.

अडचण लिफ्टची. दोन हातांत दोन बादल्या आणि काखेत पंप घेऊन मी उभा असतो, तेव्हा दुसऱ्या मजल्यावरचे आजोबा आत येऊन दर वेळी नव्याने विचारतात, “काय, कावड त्र्यंबकेश्वरला का?” बादली दोन तृतीयांशच भरायची, हे मी तिसऱ्या रविवारी शिकलो, पहिल्या दोन रविवारी लिफ्टमध्ये सांडलं, आणि त्या आठवड्यात आणखी एक पाटी लागली. हीही हुकुमावरून.

वरून एक पथ्य. आमच्याकडे उन्हाळ्यात टाकीत बोअरचं पाणी मिसळतात. ते क्षारांचं, जड असतं, उन्हात सुकलं की पांढरे ठिपके सोडून जातं आणि गाडी देवी आल्यासारखी दिसते. म्हणून सावलीत धुवायची आणि लगेच कोरडी करायची. जुलैतल्या चिखलापुढे मात्र माझे पंचवीस लिटर काहीच नाहीत. त्या महिन्यात मी गुपचूप वॉशिंग सेंटरला जातो आणि आजोबांना सांगत नाही. रंगपंचमीचंही तेच. नाशकात धुळवडीपेक्षा रंगपंचमीचा जोर, जुन्या गावातल्या पेशवेकालीन रहाडींत, म्हणजे रंगाच्या पाण्याने भरलेल्या हौदांत, लोक उड्या मारतात, आणि गाडी घेऊन त्या बाजूला गेलंच तर दारांच्या रबरात गुलाबी रंग पुढे दिवाळीपर्यंत सापडत राहतो.

दसऱ्याला मी पहाटे उठलो. पंप, चहा, दोन बादल्या. टप, काचा, आरसे, दारं, सगळं सावकाश. टायरसुद्धा. साडेआठला गाडी अशी झाली की बॉनेटमध्ये वरच्या गॅलरीतले कपडे दिसत होते. मी दोन पावलं मागे जाऊन बघत उभा राहिलो. मामाही येऊन उभे राहिले.

तेवढ्यात आई ताट घेऊन खाली आली. झेंडूचा हार, नारळ, निरांजन. तिने वाटीत कुंकू पाण्यात कालवून आणलं होतं, चांगलं घट्ट. अनामिका त्यात बुडवली आणि बॉनेटच्या बरोबर मध्यावर, त्या कबुतराच्या जुन्या खुणेवरच, मोठं स्वस्तिक काढायला घेतलं. बोटाखाली कुंकवाचे कण करकरताना मला ऐकू आले. म्हणजे तसं वाटलं.

“आई, ओरखडे पडतील गं. डागही राहील.”

तिने चौथी रेघ पूर्ण केली, चार टिंबं दिली आणि हात पदराला पुसला.

“उद्या काढ की. आधी भिजव.”