थोडंच काढा

ऑक्टोबरचे दिवस. धारूरकडचा ऊसतोड कामगार, वय पन्नाशीच्या आत, बायकोला घेऊन ओपीडीत आला. दीड वर्षापूर्वी गालाच्या कॅन्सरचं ऑपरेशन, मग 30 करंट. आमच्याकडे पेशंट रेडिएशनला करंटच म्हणतात. आता त्याच बाजूला, खालच्या शेवटच्या दाढेपाशी पुन्हा चट्टा, बोटाच्या पेराएवढा. सीटीत हाड चांगलं दिसत होतं. मानेत गाठ नाही, छातीही स्वच्छ.

"थोडंच काढा साहेब. दिवाळीनंतर टोळी निघतीय, उचल घिऊन बसलोय."

नवरा-बायको मिळून एक कोयता. एक जण आजारी पडला की कोयता अर्धा, उचल मात्र पुरी फेडायची.

माझ्या ज्युनिअरचंही मत थोडंच काढायचं. जबड्याची वरची कड तासायची, खालची ठेवायची, म्हणजे मार्जिनल. चेहऱ्याची ठेवण राहते, माणूस लवकर घरी जातो. करंट न दिलेला जबडा असता तर मीही हेच केलं असतं. पण करंट खाल्लेल्या हाडात रोग ठरल्या वाटेनं शिरत नाही, कुठूनही शिरतो, आणि सुरुवातीला सीटीत दिसेलच असं नाही. शिवाय खाली उरलेली पातळ कड एक तर कुजते, नाही तर मोडते.

"जेवता काय?" मी विचारलं. उत्तर बायकोनं दिलं. "दुधात भाकर कुस्करून. तोंडच उघडत न्हाई."

बोटं घालून पाहिलं. जेमतेम दीड बोट. गुटख्यानं आधीच आखडलेलं, करंटनं आणखी आवळलेलं. (गुटखाबंदी 2012 ची. पुड्या टपरीवर मिळतातच.) ज्या जबड्यासाठी आम्ही दोघं वाद घालत होतो, त्यानं वर्षभरात भाकरीचा घास चावला नव्हता.

सेगमेंटल केलं, म्हणजे जबड्याचा तो तुकडा वरपासून खालपर्यंत अख्खा काढला. करवतीखाली हाड पांढरंफटक, थेंबभर रक्त नाही. आखडलेले चावायचे स्नायूही काढले. आता ज्युनिअरला गालाची कातडीसुद्धा काढावीशी वाटायला लागली. मोठं ऑपरेशन म्हटलं की हात सुटतो, माझाही सुटायचा. कातडी बोटाखाली मोकळी सरकत होती, रोग तिच्यापासून लांब होता. ठेवली. फ्रोझनमध्ये, म्हणजे ऑपरेशन चालू असतानाच्या तपासणीत, कडा निगेटिव्ह (रोगमुक्त) आल्यावर छातीचा स्नायू कातडीसकट वर फिरवून खड्डा भरला.

टोळी त्याच्याविनाच गेली.

दोन आठवड्यांनी रिपोर्ट आला. सगळ्यात जवळची कड रोगापासून 7 मिलिमीटरवर. हाडात रोग नाही. ज्युनिअरनं कागद माझ्यापुढे सरकवला आणि काही न बोलता राऊंडला गेला. मार्जिनलनं भागलं असतं का? त्या कागदापुरतं, हो. तसाच पेशंट उद्या आला तरी मी सेगमेंटलच करीन, पण त्या दिवशी दुपारचा डबा तसाच राहिला.

संध्याकाळी ड्रेसिंगला बायकोनं विचारलंच, "त्या काढल्याल्या हाडात रोग व्हता ना, साहेब?"

"नव्हता, ताई."

"नव्हता? मंग बरंच झालं की," म्हणाली, आणि नाकातल्या नळीत सिरिंजनं ताक सोडायला लागली.